थोरांचा वाटा

बारामतीस भिगवण रस्त्यालगत सहलींची तजवीज करून देण्याचे जे लहानसे दप्तर मी चालविते, तेथे खोपोलीच्या इमॅजिका उद्यानाची चौकशी करण्यास येणारा बहुधा घरातील कर्ता मुलगा असतो. तो मुलांची संख्या सांगतो, गाडी केवढी लागेल हे विचारतो, तिकिटाचा दर, जेवणाचा खर्च, मुक्कामाची सोय यांचा खुलासा करून घेतो, आणि सर्व बोलणे आटोपल्यावर, दाराशी चपला घालता घालता म्हणतो, ‘‘आईआबापण येणारेत. ते काय, बसतील एका जागी. पिशव्यांपाशी कुणीतरी पाहिजेच.’’ यात प्रेमाचा अभाव असतो असे मुळीच नाही. आईवडिलांना मागे ठेवून मौजेस जाणे जिवावर येते म्हणूनच तर तो त्यांना बरोबर नेत असतो. परंतु ज्या सहलीसाठी साऱ्या घराने उसाच्या बिलातून पैसा बाजूस टाकला, त्या सहलीत घरातील सर्वांत थोर अशा दोन माणसांच्या वाट्यास पिशव्यांची राखण यावी, हे मला मनापासून खटकत आले आहे. आणि या व्यवसायात जी काही समज मला आली, ती सारी या एकाच गोष्टीभोवती गोळा झालेली आहे.

विशेष हे की या उद्यानांची मूळ कल्पना बाकावर बसून राहिलेल्या एका वडिलांच्या मनात उपजली. वॉल्ट डिस्ने स्वतःच सांगत असे की, लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि तो बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राही. तेव्हा आईबापांनी व मुलांनी मिळून रमावे अशी एखादी जागा का असू नये, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला, आणि त्याचीच परिणती १७ जुलै १९५५ रोजी अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडण्यात झाली. बाकावरील माणसाला उठविण्यासाठी जी जागा निर्माण झाली, तिच्यातच पुढे आपण आपल्या आजी-आजोबांना बाकावर नेऊन बसवावे, हा विपर्यास आहे.

याला एक कारणही आहे. आज ज्यांची मुले प्राथमिक शाळेत आहेत, त्या पिढीतल्या अनेकांनी असे उद्यान प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीत. १९८९ साली मुंबईत गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, आणि त्यानंतर आमच्याकडील शाळांच्या सहली रात्रभर गाडीत डुलक्या घेत मुंबई गाठीत व होडीतून खाडी ओलांडून पलीकडे उतरत. त्या होडीचीच आठवण कित्येकांना पाळण्यांहून अधिक आहे. ते उद्यान २०२२ साली बंद झाले. तत्पूर्वीच, २०१३ मध्ये, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उभे राहिले होते, आणि पुण्याहून जाण्यास सोयीचे म्हणून बारामती-इंदापूरचा ओघ तिकडे वळला. शाळेच्या त्या सहलींत वडीलधारे म्हणून गुरुजी असत. आजी-आजोबांसह अशा ठिकाणी एक दिवस कसा घालवावा, याचा वस्तुपाठ या पिढीसमोर कधी आलाच नाही. सबब पिशव्या राखण्याचे काम त्यांच्याकडे जाते ते सवयीने, कोणी ठरवून नव्हे.

म्हणून मी एक नियम करून घेतला आहे: घरी जाऊन थोरांशी बोलल्यावाचून सहलीची फर्द लिहावयाची नाही. एका घराची हकिकत येथे थोडी तपशिलाने सांगते.

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलकडे, म्हणजे शेवटच्या टोकाकडे, एका वस्तीवर हे कुटुंब राहते. आबा शहात्तर वर्षांचे, आक्का त्यांच्याहून थोड्या लहान, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. घरासमोर ऊस, मागे गोठा, गोठ्यात संकरित गाई. असल्या घरातून सर्वांनी एकदम बाहेर पडणे किती दुर्घट असते, याची कल्पना पगारदार माणसास सहसा येत नाही. गाईंची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते आणि दूध डेअरीला वेळेवर पोचावे लागते. कारखान्याची ऊसतोड टोळी येण्याचा दिवस आदल्या सांजेस कळतो. आणि कालव्याचे आवर्तन सुरू असेल तर शेजपाळीने येणारी आपली पाळी चुकविता येत नाही, कारण टेलच्या माणसाचे पाणी एकदा चुकले की ते पुन्हा केव्हा मिळेल हे पाटकरीही खात्रीने सांगू शकत नाही. शाळेच्या सुट्ट्या, उसाचे बिल, आवर्तनाच्या तारखा आणि पंचांगातील एकादशी-चतुर्थी यांची सांगड घालूनच आमच्याकडील सहलीचा दिवस निघतो. पावसाळ्याचा तर विचारच नको. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी असल्याने तेथे पाऊस दांडगा, आणि विजा कडाडू लागल्या म्हणजे उघड्यावरील मोठे खेळ थांबवावे लागतात. आम्ही डिसेंबरातील नाताळाच्या आधीचे, आठवड्याच्या मधले दिवस धरले. मुलांच्या तीन दिवसांच्या रजेबद्दल गुरुजींस विचारण्याचे काम थोरल्या सुनेने पत्करले. घरी कोण राहणार, या प्रश्नावर जराशी शांतता झाली, आणि मग धाकटा मुलगा म्हणाला, ‘‘मी बघतो हितलं.’’ त्याची बायको-मुले जाणार होती. त्याने तो विषय तेवढ्यावर संपविला, पण मी तो वहीत टिपून ठेवला.

आबांची हरकत निराळीच निघाली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांस राज्यात एस.टी.चा प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट. असे असता खासगी गाडीस पैसे का मोजावेत, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या माणसाच्या या प्रश्नास हसून बगल देणे हा त्यांचा उपमर्द झाला असता. मी वही उघडून त्यांच्यापुढे दोन्ही मार्गांचा ताळेबंद मांडला: इंदापूर ते खोपोली हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक, मध्ये पुण्यात गाडी बदलणे, चार मुले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाटेत आपल्या मनाप्रमाणे थांबण्याची मुभा नाही. आबांनी आकडे दोनदा वाचले, रुजुवात केली आणि म्हणाले, ‘‘ट्रॅव्हलर सांगा. पण पुढची शीट मला.’’ पुढचे आसन थोरांचेच असावे हे मी एरवीही सांगते. मागच्या चाकावरील आसनावर कंबरेस बसणारे हिसके पहिल्याच दिवशी सारा उत्साह संपवून टाकतात.

आक्कांशी बोलायला मी स्वयंपाकघरात गेले. ओसरीवर पुरुषांसमोर त्या काही बोलल्या नसत्या. भाकरी थापता थापता प्रथम त्या तेच म्हणाल्या, जे सगळ्या आज्या म्हणतात: ‘‘मला काय इचारता ताई, पोरं नेतील तिकडं जायचं.’’ मी बसून राहिले. भाकरीस पाणी फिरवून, ती उलटून झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितले की, लग्नाआधी नीरा-नरसिंहपूरच्या जत्रेत त्या पाळण्यात बसल्या होत्या, आणि त्यानंतर आजतागायत कधी नाही. लेकरांना बसवीत आल्या, नातवंडांना बसवीत आल्या. मग तव्याकडे पाहत विचारले, ‘‘लई मोठा नगं. बारक्या पाळण्यात बसवतील का मला?’’ हा प्रश्न त्यांच्या मुलांना ठाऊक नव्हता. सुनांनाही नव्हता. आईला देवदर्शन घडविले म्हणजे तिचे मन भरले, असे साऱ्या घराने प्रामाणिकपणे धरून चाललेले होते.

आणि हे धरून चालणारे लोक कोठले, तर ज्या वाटेवरून तुकोबांची पालखी दरवर्षी जाते त्या वाटेवरचे! काटेवाडीस पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीच्या मैदानावर गोल रिंगणात अश्व धावतो, पताकाधारी धावतात, विणेकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, आणि अश्वाची दौड संपली की सत्तरी उलटलेल्या बाया एकमेकींचे हात धरून फुगड्या घालतात. आक्का बेलवाडीहून निमगाव केतकीपर्यंत कित्येक वर्षे पायी चालल्या आहेत आणि त्या फुगड्या त्यांनी स्वतः घातल्या आहेत. वय झाले म्हणजे खेळाची इच्छा सरते हा समज या तालुक्यात तरी कोणी बाळगू नये. गर्दीत दिवस कसा काढावा, पाय केव्हा थकवावेत आणि केव्हा राखावेत, सावली कोठे धरावी, हरवलेल्यास कोठे गाठावे, याचे ज्ञान तर या वारकऱ्यांपाशी नातवंडांहून कितीतरी अधिक असते. पहाटे निघणे, न्याहारीचा थांबा, दुपारचा विसावा आणि सांजेचा मुक्काम हा पालखीचा क्रम मी उद्यानातील दिवसास जसाच्या तसा लावते, आणि तो आजवर कोठे अडला नाही.

यानंतरची कामे मोजमापाची. या उद्यानांत मोठ्या खेळांस वयाची नव्हे, उंचीची अट असते. कारण बसणाऱ्याच्या खांद्यावर अगर मांडीवर उतरणारा अडसर ठरावीक मापाच्या शरीरासाठीच घडविलेला असतो, आणि त्याहून लहान देह त्यातून निसटण्याचा धोका राहतो. मुलाचे वय घरात सर्वांस तोंडपाठ असते, उंची मात्र कोणी मोजलेली नसते. मग रांगेत तासभर उभे राहून अखेरीस मोजपट्टीपाशी मूल माघारी फिरते आणि त्याच्या रडण्याने पुढचे दोन तास झाकोळतात. माझ्या दप्तराच्या चौकटीवर मी १००, १२० आणि १४० सेंटिमीटरांच्या खडूच्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. या घरची चारही मुले त्यांखाली अनवाणी उभी केली. थोरल्या नातवाचे केस वरच्या रेघेला लागले, डोके लागले नाही. त्याला ते तेथेच, घरच्या माणसांत, समजावून सांगता आले, आणि कोणते खेळ आपले आणि कोणते पुढल्या खेपेचे याची यादी त्याने स्वतः लिहिली.

थोरांच्या बाबतीत मोजपट्टी निराळी. हृदयविकार, वाढता रक्तदाब, पाठीचे अगर मानेचे दुखणे असणाऱ्यांस मोठे खेळ वर्ज्य असतात, तशा पाट्याही लावलेल्या असतात. आबांच्या हृदयात स्टेंट बसविलेला. आक्कांस साखरेच्या गोळ्या. त्यांच्या डॉक्टरांना कोणकोणते संथ खेळ चालतील हे विचारून घ्या, असे मी थोरल्यास सांगितले व त्याप्रमाणे फर्द केली. गोळ्या हाताशी राहाव्यात आणि जेवणाची वेळ टळू नये, हा बंदोबस्त साऱ्या खेळांआधी. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आक्कांच्या दशम्या, शेंगांची चटणी आणि लाडू यांची जागा गाडीत आणि मुक्कामी ठरविली. ते घरीच ठेवा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. जलउद्यानाचा विचार मात्र आम्ही सोडला. तेथे पाण्यात उतरण्यास ठरावीक कापडाचा पोशाख लागतो, लुगड्यास परवानगी नसते, आणि जेथे आक्कांना काठावरच बसावे लागेल तेथे एक दिवस खर्चणे माझ्या मनास येईना. सुनांनी हे ऐकून क्षणात मान डोलावली. पिशव्यांचा प्रश्न असा मिटविला की, आत प्रत्येक जोडप्यामागे एकच लहान पिशवी न्यावयाची आणि बाकीचे सामान भाड्याच्या लॉकरमध्ये कुलपात टाकावयाचे. राखण्याजोगी वस्तूच उरली नाही म्हणजे राखणदारही लागत नाही.

रस्ता ठरविताना आक्कांना घाटात गाडी लागते हे ध्यानात घ्यावे लागले. अष्टविनायकांतील पहिला मयूरेश्वर आमच्याच बारामती तालुक्यात, मोरगावी. आणि वरदविनायकाचे महड खोपोलीच्या शेजारी. तेव्हा इंदापूर-बारामती-मोरगाव असे दर्शन करून, जेजुरी-सासवडकडे न वळता, सुप्यावरून चौफुल्यास सोलापूर महामार्गाला लागावयाचे, म्हणजे दिवेघाट टळतो. पुढे द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरून सांजेस खोपोलीत मुक्काम, दुसरा दिवस सबंध उद्यानात, तिसऱ्या दिवशी सकाळी महड आणि परत. बल्लाळेश्वराची पाली त्याच रस्त्यावर पुढे आहे खरी, पण ती जोडली असती तर परतीचा पल्ला मध्यरात्रीवर गेला असता. आक्कांनीच निकाल दिला: ‘‘देव कुठं जातोय? पालीला पुन्यांदा जाऊ.’’

पहिल्यानेच अशा ठिकाणी जाणाऱ्या या कुटुंबाबरोबर मीही गेले. उद्यानात शिरताच थोरला मुलगा आणि मोठी नातवंडे आधी लांब रांगांच्या खेळांकडे निघाली, कारण रांगा सकाळीच आटोपशीर असतात. आबा-आक्का, सुना आणि धाकटी दोन मुले संथ खेळांकडे. कोणत्या वेळी कोठे भेटावयाचे हे आबांनी ठरवून दिले आणि ते सर्वांनी पाळले. दुपारच्या उन्हाच्या वेळेस मी बंदिस्त जागेतील खेळ योजले होते. त्यांपैकी ‘अलिबाबा और चालीस चोर’च्या गाडीत धाकटा नातू आबांना हाताला धरून घेऊन गेला आणि बाहेर आल्यावर दोघांनी पुन्हा एकदा जाण्याची इच्छा व्यक्त केली.

परंतु आबांना मी खरे रमलेले पाहिले ते नायट्रो या रोलर कोस्टरपाशी. त्या प्रचंड झुल्यावर बसण्याची त्यांना मनाई होती. सून म्हणाली, ‘‘आबा, तुम्ही सावलीत बसा.’’ ते बसले नाहीत. कुंपणापाशी उभे राहून त्यांनी तीन-चार फेऱ्या टक लावून पाहिल्या, डब्यांची माळ साखळीने खडखडत माथ्यावर चढते, क्षणभर रेंगाळते आणि मग वेढे घेत, उलटीपालटी होत खाली येते, हे नीट निरखले, आणि मला विचारले, ‘‘इंजन कुठं हाय?’’ मी सांगितले की, डब्यांना इंजिन नसते. साखळी माथ्यापर्यंत नेते तेवढेच. त्यांनी मान हलविली. ‘‘म्हंजी आपला पाट. एकदा वर चढीवलं की पुढं उतारच नेतो. म्हणूनच पयला उंचवटा सगळ्यात मोठा ठिवलाय, मागचे त्याच्यापेक्षा बारके.’’ पहिल्या चढावर साठविलेली शक्ती घर्षणाने उणावत जाते, म्हणून पुढचा कोणताही उंचवटा पहिल्याहून उंच असू शकत नाही, हे यंत्रशास्त्रातील तत्त्व त्यांनी कालव्याच्या उतारावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेने अर्ध्या घटकेत हेरले होते. थोरला नातू खाली उतरून आला तेव्हा आबांनी त्याला ते सर्व पुन्हा कुंपणाशी उभे करून दाखविले, आणि मुलाने शाळेत वाचलेले शब्द आबांच्या वाक्यांना जोडले. ज्याला खेळात बसता येत नाही त्याला त्याचे मर्म पाहू द्यावे, त्यासाठी वेळ राखून ठेवावा, हे मी तेव्हापासून प्रत्येक फर्दीत लिहिते.

आक्कांसाठी फिरत्या घोड्यांचा पाळणा निवडला होता. धाकटी नात शेजारच्या घोड्यावर. चढताना आक्कांनी काष्टा चाचपून घट्ट केला, पदर कमरेस खोचला आणि कोणाचा हात न धरता रिकिबीत पाय घातला. नऊवारीत घोड्यावर मांड ठोकणे सहावारीपेक्षा किती सोयीचे, हे तेथे उभ्या असलेल्या सुनांच्या लक्षात आले. सेवकाने पट्टा आवळला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, ‘‘दादा, पडत न्हाई मी.’’ पहिल्या फेरीत दोन्ही हातांनी दांडा धरलेला. दुसऱ्या फेरीत एक हात सुटला, नातीच्या हातास लागला. पाळणा थांबल्यावर त्या उतरल्याच नाहीत. रांग लहान होती, सेवकाने पुन्हा बसू दिले. थोरला मुलगा तोवर परत आलेला, तो आईकडे पाहत मला हळूच म्हणाला की, आईला हसताना पाहिले आहे, पण असे नाही.

चाकांच्या खुर्चीबद्दल एक सांगून ठेवते. उद्यानात ती मिळते, परंतु पंढरीस पायी जात आलेल्या माणसास तिच्यात बस म्हटले तर तो दुखावतो. मी आबांना दुपारी एवढेच म्हटले की, उद्या महडला पाय लागणार आहेत, ते आज थोडे वाचवू. ते बसले, आणि ती खुर्ची ढकलण्यासाठी नातवंडांनी पाळ्या लावून घेतल्या.

परतल्यावर आठ दिवसांनी राहिलेल्या रकमेचा भरणा करण्यास आबा स्वतः बारामतीस आले, एस.टी.ने. पावती घडी करून खिशात ठेवल्यावर त्यांनी चैत्रातल्या आवर्तनाच्या तारखा विचारल्या आणि त्यानंतरचा, उन्हाळी सुट्टीतला, दिवस धरायला सांगितले. धाकटा मुलगा त्याच्या बायकोमुलांसह जाणार होता, आणि शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध जोडपेही, ज्यांना अजून कोणी नेलेले नव्हते. गोठ्याचे काय, असे मी विचारले. ‘‘धारा थोरला काढंल, वैरण-पाणी मी बघंन,’’ आबा म्हणाले. ‘‘धाकट्याचं नाव वरती लिहा.’’ मी ते नव्या फर्दीवर पहिल्या ओळीत लिहिले, आणि त्याखाली त्या शेजारच्या आजींना कोणता खेळ हवा हे विचारून भरण्यासाठी जागा सोडली.